पत्रा आधी, इंजिन मग

भाच्याने रात्री साडेअकराला अकरा फोटो पाठवले. २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक, पांढरी, पहिलाच मालक, गाडी कल्याणला. अकरापैकी सहा फोटो इंजिनाचे, तीन चाकांचे, एक मीटरचा, आणि शेवटच्यात तो स्वतः बॉनेटला टेकून हसतोय. खाली एकच प्रश्न : "मामा, घेऊ?"

मी विचारलं, "कार्पेट उचलून बघितलंस?"

"कार्पेट कशाला?"

त्या 'कशाला'चं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याला रविवारी घरी बोलावलं.

जुनी सेडान स्वस्तात घ्यायची, सुट्टीच्या दिवशी हात काळे करत ती हळूहळू उभी करायची, जमल्यास मूळच्यापेक्षा जरा चपळ करायची, या खटाटोपाला हौशी मंडळी 'प्रोजेक्ट' म्हणतात. रोज ऑफिसला न्यायला ही गाडी नको असते आणि विकून नफा तर होतच नाही. घरच्यांच्या लेखी ही चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. हिशेब त्यांचाच बरोबर असतो. फक्त हिशेबासाठी कोणी हे करत नाही.

आपल्याकडच्या हौशी लोकांची नजर साधारण १९९८ ते २००८ या दहा वर्षांतल्या सेडानवरच का खिळते, याला कारण आहे. त्याआधी बहुतेकांची निवड म्हणजे ॲम्बॅसिडर, पद्मिनी आणि मारुती. नव्वदच्या दशकात बाहेरच्या कंपन्या आल्या आणि येताना सेडान घेऊन आल्या, कारण तेव्हा पैसेवाल्याला डिकी असलेली गाडी हवी होती. दोन-अडीच दशकांपूर्वीच्या या गाड्या हलक्या आहेत, त्यांची पेट्रोल इंजिनं १३०० ते १६०० सीसीची आहेत आणि इलेक्ट्रॉनिक्स जेमतेम आहे. मग २००६ चा अर्थसंकल्प आला. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत किंवा डिझेल १५०० च्या आत असेल तर उत्पादन शुल्क २४ ऐवजी १६ टक्के, असा नियम झाला. कंपन्यांनी डिकी कापून गाड्या चार मीटरमध्ये बसवल्या आणि इंजिनं १२०० वर आणली. हजार किलोच्या आसपास वजन आणि दीड लिटरचं श्वास घेणारं इंजिन ही जोडी हळूहळू बाजारातून गेली. जुन्या बाजारातही छोट्या गाडीला गिऱ्हाईक लगेच मिळतं, लांब सेडान मात्र सोसायटीच्या भिंतीला लागून धूळ खात पडते. त्यामुळे एके काळी डॉक्टर-वकिलांच्या दारात दिसणारी गाडी आज एखाद्या भारी मोबाइलच्या किमतीत मिळून जाते.

आता पत्र्याविषयी, कारण बाकी सगळं त्याच्यानंतर.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी रत्नागिरीहून एक गाडी आणली. कोणती ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता, माझा होता. इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं, रंग नुकताच मारलेला होता, आणि मी त्या रंगावर भाळलो. पुण्यात आल्यावर डेंटरने जॅक लावला आणि जॅकच वर गेला. गाडी जागच्या जागी राहिली, जॅकचं डोकं दाराखालच्या पट्टीतून पापड मोडावा तसा आवाज करत आत घुसलं. आतून मूठभर तांबडा भुगा, पुट्टीचे खपले आणि चक्क वर्तमानपत्राचा बोळा निघाला. पोकळी भरायला कोणीतरी कागद कोंबून वर पुट्टी लावली होती. डेंटर म्हणाला, "शेठ, गाडी नाही, घावन आणलंय तुम्ही. जाळीच जाळी."

झालं होतं ते असं. ट्रकला खाली लोखंडी चौकट असते आणि वरचा डबा वेगळा. या गाड्यांना तशी चौकट नाही. पत्राच घड्या घालून, पोकळ नळ्यांसारखा करून, टाके मारल्यासारखा जागोजागी वेल्ड केलेला असतो, आणि तीच गाडीची हाडं. त्या पोकळ्यांत पाणी शिरतंच : दाराच्या काचेवरून, पुढच्या काचेच्या रबराखालून, चाकांनी उडवलेलं. ते बाहेर पडावं म्हणून दारांच्या खाली, पट्टीच्या तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. पाचोळा आणि चिखल साचून ती बुजली की पाणी आतच राहतं. किनाऱ्यावर त्यात मीठ मिसळतं आणि मीठ मिसळलेलं पाणी गंजाचा वेग कैक पटींनी वाढवतं. म्हणजे गंज बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येतो. रंगावर दिसणारा वाटाण्याएवढा फुगवटा हा गंजाचा जन्म नसतो, तेरावा असतो.

म्हणून माझ्या खिशात फ्रिजच्या दाराला लावतात तसलं एक चुंबक असतं, रुमालात गुंडाळलेलं, म्हणजे रंगाला ओरखडा येत नाही. दाराखालच्या पट्टीवरून, मागच्या चाकाच्या कमानीवरून ते सरकवत न्यायचं. जिथे सुटतं तिथे खाली पुट्टी. मग पुढचं कार्पेट उचलायचं आणि हात लावून ओल बघायची. डिकीतून स्टेपनी बाहेर काढून तिच्या खळग्यात पाणी साचल्याची रेघ आहे का पाहायचं. शेवटी बॉनेट उघडून, शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बोल्टने बसवलेलं असतं तिथला पत्रा निरखायचा. तिथे तडा किंवा गंज असेल तर बॉनेट बंद करून चहा प्यायचा आणि घरी जायचं.

इंजिन दुसरं मिळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, चेन्नईच्या पुदुपेटला, दिल्लीच्या मायापुरीला इंजिनं, गिअरबॉक्स, दारं ढिगाने पडलेली असतात. सिलिंडरचं बोअरिंग करायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे लेथवाले आहेत की काम बघत उभं राहावं. पण सडलेल्या गाडीत पुन्हा हाडं भरायची म्हणजे आख्खी गाडी उघडून पत्रा कापणं आणि वेल्ड करणं, आणि या कामाची मजुरी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होते. म्हणून माझा ठोकताळा : सोलापूर, नागपूर, मराठवाड्यातली गाडी बघा, मुंबई, कोकण, गोव्याची असेल तर फुकटात मिळाली तरी दोनदा विचार करा.

एवढं सांगून झाल्यावर भाचा म्हणाला, "ठीक आहे. पण कोणती?"

शिकायचं असेल तर एस्टीम, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. १९९० मध्ये आलेल्या मारुती १००० चंच हे पुढचं रूप. सुरुवातीच्या कार्ब्युरेटरवाल्या १२९८ सीसी इंजिनाची ताकद ६५ हॉर्सपॉवर. पुढे १९९९ च्या सुमारास सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय आलं आणि आकडा ८५ वर गेला. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आत. ८५ हा आकडा ऐकायला काही नाही, पण त्याला वजनाने भागून बघा : टनामागे ९५ च्या पुढे. आजच्या कित्येक जाडजूड गाड्यांना ते जमत नाही. शिवाय याच कुळातलं १.३ इंजिन जिप्सीत होतं आणि पहिल्या स्विफ्टमध्येही. जिप्सी लष्कराच्या सेवेत वर्षानुवर्षं राहिली, त्यामुळे गास्केट, पिस्टन-रिंगा, वॉटर पंप यांसाठी वणवण करावी लागत नाही. आपल्याकडच्या फॉर्म्युला एलजीबीच्या एकआसनी रेसिंग गाड्यांमध्येही मारुतीचं १.३ इंजिनच बसवलेलं आहे. गल्लीतल्या मिस्त्रीला डोळे मिटून उघडता येणारं आणि ट्रॅकवर सात हजारांपर्यंत फिरवता येणारं इंजिन एकच असावं, असं फार वेळा घडत नाही.

तिचे अवगुणही सांगतो. पत्रा पातळ, आणि वळणावर ती होडीसारखी कलते. ब्रेक तिच्या वेगाला पुरे पडत नाहीत. पण स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, बुश आणि टायर एवढं बदललं की तीच गाडी अंग चोरून नीट बसते. बलेनो ही तिची थोरली बहीण, १.६ लिटरची, जास्त शांत, जास्त भारदस्त. तिच्यात मला काही खोट काढता येत नाही, आणि कदाचित म्हणूनच तिच्याविषयी लिहायलाही फार काही सुचत नाही.

भाच्याच्या मनात भरलेली सिटी हे प्रकरण निराळं. १९९८ मध्ये आलेली पहिली सिटी १.३ आणि १.५ अशा दोन इंजिनांत होती, आणि २००० मध्ये व्हीटेक आली : दीड लिटरमधून १०६ हॉर्सपॉवर, तीही ६८०० फेऱ्यांना. त्या काळी या आकाराच्या गाडीत हे अघटितच होतं. व्हीटेकचं तत्त्व समजायला सोपं आहे. इंजिनात हवा घेणारा व्हॉल्व्ह किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॅमशाफ्टवरचा उंचवटा ठरवतो. उंचवटा बुटका असेल तर गाडी शहरात मऊ चालते, पण वरच्या फेऱ्यांना तिचा श्वास कोंडतो. उंच असेल तर वर सुसाट, आणि सिग्नलला मात्र लडखडते. होंडाने एकाच शाफ्टवर दोन्ही स्वभाव ठेवले. नेहमी बुटके उंचवटे काम करतात, मधला उंच नुसता फिरत राहतो. फेऱ्या वाढल्या की ऑइलच्या दाबाने एक खिळी सरकते, वेगवेगळे रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि सगळे उंच उंचवट्याच्या हुकमात येतात. काचा खाली करून, दुसऱ्या गिअरमध्ये, घाटाच्या चढणीवर एकदा ऐकावं : आवाजाची पट्टीच बदलते, गवयाने मध्यातून तारसप्तकात जावं तशी.

म्हणूनच यात एक मेख आहे. ती खिळी ऑइलच्या दाबावर सरकते. जुन्या, जळक्या, कमी पातळीच्या ऑइलवर दहा वर्षं फिरलेल्या इंजिनात व्हीटेक नुसतं बॉनेटखाली लिहिलेलं असतं. ऑइलचं झाकण उघडा. आतून ताकासारखा पांढरट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय, बहुधा हेड गास्केट. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. दोन्ही नसेल तर मग चालवून बघा. चांगल्या व्हीटेकला आता भाव आलाय, कारण ज्यांना १९ व्या वर्षी ती परवडली नाही ते आता ४३ चे झाले आहेत आणि त्यांच्या हातात पैसे आहेत. २००३ नंतरच्या उंच, फुगीर सिटीत हा पिंड उरला नाही; ७७ हॉर्सपॉवरची ती गाडी मायलेजसाठी होती, आणि त्यात वाईट काही नाही.

फोर्ड आयकॉनचं स्टिअरिंग हा तिचा सगळ्यात मोठा गुण. १९९९ च्या शेवटी आलेली ही गाडी फोर्डने खास भारतासाठी, फिएस्टाच्या पायावर उभी केलेली. तिचं १.६ रोकॅम इंजिन ९२ हॉर्सपॉवरचं, आठच व्हॉल्व्हचं, पण खालच्या फेऱ्यांतच ओढ अशी की जाहिरातीतला 'जोश' अगदीच थापेबाजी वाटत नसे. यात टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदला नाहीतर तो तुटेल, ही धास्ती नाही. मात्र थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं. उन्हातान्हात तापून-निवून त्याला चीर पडते, कूलंट थेंबथेंब जातं, काटा लालपर्यंत चढेस्तोवर कळत नाही आणि मग हेड वाकडं होतं. घेतल्या दिवशी तो भाग बदलून टाकायचा. खरी अडचण पुढे आहे : फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातली निर्मिती थांबवत असल्याचं जाहीर केलं. आता आयकॉनचा एक इंडिकेटर फुटला तर तो शोधण्यातच दोन रविवार जातात. पेट्रोलही सढळ हाताने पिते.

लान्सर घेणाऱ्यांचं खरं प्रेम लान्सरवर नसतं. ते असतं टॉमी माकिनेनवर. १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं तो लान्सर इव्होल्यूशन चालवून जागतिक रॅली विजेता झाला, आणि १९९८ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने तामिळनाडूत तिरुवल्लूरला जोडायला सुरुवात केलेली लान्सर दिसायला तिची सख्खी बहीण. आत मात्र ८५-८७ हॉर्सपॉवरचं दीड लिटर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्यापेक्षा २००६ ची सेडिया बघावी. तिचं दोन लिटरचं इंजिन इव्होच्या टर्बो इंजिनाच्या घराण्यातलंच, टर्बोविना ११५ च्या आसपास, आणि भारतीय रॅलीत या गाडीने वर्षानुवर्षं दगडगोटे खाल्लेत. फक्त सुटे भाग मिळवणं हा जोडधंदा मानायची तयारी हवी.

टर्बोचा विषय निघाला की भाच्याचे डोळे चमकतात. आपल्या मराठी मुलखातच बनलेल्या दोन गाड्या इथे येतात. एक औरंगाबादजवळच्या शेंद्र्याची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००४ ची, १.८ टर्बो, १५० हॉर्सपॉवर, एकेका सिलिंडरला पाच-पाच व्हॉल्व्ह. दुसरी रांजणगावची फियाट लिनिया टी-जेट, १.४ टर्बो, ११४ हॉर्सपॉवर आणि २०७ न्यूटन-मीटर. टर्बो इंजिनात किती दाबाने हवा कोंबायची ते कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात ताकद वाढते, नट-बोल्टला हातही लागत नाही. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती होतात, तिथे असल्या गाड्या दिसतात. पण वाढलेली ताकद सोसायची क्लचने आणि गिअरबॉक्सने, ते जुनेच. आरएस ही श्रीमंतांची गाडी स्वस्तात मिळते, पण तिचे सुटे भाग अजून श्रीमंतांच्याच किमतीत. लिनिया मला मनापासून आवडते आणि पहिली गाडी म्हणून कोणालाही सुचवणार नाही.

मागच्या चाकांना ताकद देणारी सेडान हवी असेल तर कुर्ल्याच्या प्रीमियरची ११८ एनई, १९८५ ची : फियाट १२४ चा डबा आणि निस्सानचं ११७१ सीसी इंजिन. कॉन्टेसाही त्याच जातीची, पण तिची किंमत हल्ली इन्स्टाग्राम ठरवतं.

गाडी आली की पैसे कुठे आधी घालायचे, यात सगळे चुकतात, मीही चुकलो. आधी सायलेन्सर येतो, मग अलॉय व्हील. खरं तर आधी ब्रेकचं द्रव, होसपाइप, पॅड, टायर, रेडिएटर आणि प्रत्येक रबर. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल शोषतं आणि त्या काळातल्या साध्या रबराला सोसत नाही. इंधनाच्या नळ्या फुगतात, तडकतात, आणि त्यांच्याखाली गरम इंजिन असतं. एवढ्या एका कारणासाठी नळ्या बदलायच्या, मग खुशाल आवाजाच्या मागे लागा.

कागदांचं शेवटी सांगतोय, पण बघायचे पत्र्याच्या खालोखाल. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी संपते, तपासणी होऊन पाच वर्षांसाठी पुन्हा मिळते. त्याची फी २०२२ पासून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये दहा हजार. वर पर्यावरण कर, नवीन नंबरप्लेट. आरसी संपून तीन वर्षं झालेली 'चालू कंडिशन' गाडी म्हणजे दंडाचं गाठोडं. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे तिकडून कोरड्या हवेतल्या, बिनगंजाच्या गाड्या स्वस्तात सुटल्या. मोह होतो, पण एनओसी, इथला कर आणि दुसऱ्या राज्यातून नोंदणी हलवण्याचा व्याप धरला की स्वस्ताई पातळ होते. आणि एस्टीममध्ये बलेनोचं इंजिन घालायचं म्हणत असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा : नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी परवानगीशिवाय बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. पोलिसांनी पकडलं नाही म्हणून सुटलो असं नसतं; अपघात झाला की विमा कंपनी आधी इंजिन नंबर बघते.

कल्याणची सिटी आम्ही पाहिली. कार्पेट उचललं तर खाली सूटकेस घसरावी इतकी गुळगुळीत नवी पुट्टी. भाच्याने काही न बोलता कार्पेट परत खाली सोडलं.

महिन्याने सोलापूरला एक एस्टीम पाहायला गेलो. एका निवृत्त शिक्षकांची, दोन वर्षं शेडखाली उभी, टपावर कबुतरांची कृपा. काकांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. "बॅटरी गेली असेल हो," ते ओशाळून म्हणाले, "इंजिनाचं काही सांगता येत नाही बुवा." भाच्याचा चेहरा पडला. मी रुमालातलं चुंबक त्याच्या हातात दिलं. तो गुडघ्यावर बसला आणि डाव्या दाराखालून सुरुवात करून, मागच्या कमानीवरून, डिकीखालून, उजव्या बाजूने पुढे येत त्याने आख्ख्या गाडीला प्रदक्षिणा घातली. चुंबक एकदाही सुटलं नाही. मग त्याने स्वतःहून कार्पेट उचललं. खाली कारखान्यातला राखाडी रंग, त्यावर शाळेच्या खडूचा एक तुकडा.

इंजिन काही सुरू झालं नाही. भाच्याने टोकनाचे पाच हजार काढून काकांच्या हातावर ठेवले आणि मला म्हणाला, "मामा, टोइंगवाल्याला फोन लाव ना."